बोंबलाच्या पाण्यावरचा पालक

पालक शाकाहारी असतो की नाही, यावर भीमा तांडेलच्या ओटीवर सकाळी सकाळी असा काही वाद पेटला, की रस्त्याने चाललेल्या दोन बायका डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवून ऐकत उभ्या राहिल्या.

"पालक म्हंजे पाला," भीमा म्हणाला. "त्याला डोकं हाय? शेपूट हाय? मग तो मांसाहारी कसा होईल?"

"पण तो पितो काय ते बघा नी भावजी," जमना म्हणाली. जमना ही भीमाच्या थोरल्या भावाची बायको, भीमाच्या बायकोची, हंसाची, मोठी जाऊ. नवरा गेल्यापासून ती शेजारच्याच खोल्यांत राहायची, पण मत द्यायला मात्र रोज याच ओटीवर यायची. "बोंबलाच्या मुंडक्यांचं पाणी पिऊन वाढलेला पालक. माळ घातलेल्या माणसांच्या ताटात वाढणार तुम्ही?"

"मुंडकी आपण खाल्ली काय? पालकाने खाल्ली. पाप लागलं तर पालकाला लागेल."

"मग गाभोळीवाल्या माशाने खेकडा खाल्ला आणि आपण मासा खाल्ला, तर आपण खेकडा खाल्ला का नाय?" कोपऱ्यातून जिजाआतेने विचारलं. भीमाची ही आत्या. दात गेले होते, पण शंका सगळ्या शाबूत होत्या. यावर भीमाने चहा मागितला.

हंसा आत तांदळाचं पीठ मळत होती आणि कान बाहेर लावून बसली होती. तिला पालकाचं पाप-पुण्य काडीचं पडलेलं नव्हतं. दुपारी तलासरीहून पाहुणे येणार होते, तिच्या लेकीची, कल्पिताची, सुपारी फुटायची होती, आणि पाहुण्यांनी तिच्या घरात पोटभर जेवावं, एवढीच तिची इच्छा होती. ही इच्छा तुम्हाआम्हाला साधी वाटेल. पण हंसाचा त्या इच्छेपायी आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्याचं कारण होती जमनेची लेक निलम. निलम वापीपलीकडे एका सोवळ्या घरात दिली होती. घर चांगलं, जावई चांगला, चारचाकी दाराशी. पण जावई आला की गाडीच्या काचा वर करून आत बसून राहायचा. निलम पाण्याची बाटली घेऊन यायची, ओटीच्या कडेवर टेकायची, आणि सासरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची. आधी सणाला यायची, मग वर्षातून एकदा, आणि गेल्या वर्षी नुसता फोन. "फार स्वच्छ माणसं गो," असं जमना सगळ्यांना सांगायची. पण निलमची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी जमना कुंपणाशी उभीच असायची, हे हंसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. माणसं जिथे जेवत नाहीत तिथे परत येत नाहीत, असं हंसाने तेव्हाच मनाशी ठरवलं. आणि आता नेमकं माळकऱ्यांचंच घर कल्पिताने शोधलं होतं.

शोधलं म्हणजे काय, तर खताच्या दुकानात सापडलं. बी.एस्सी. झाल्यावर कल्पिताने नोकरी बघायचं सोडून मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघितले, आणि पावसाळ्यात रिकाम्या पडलेल्या एका वलांडीवर, म्हणजे अंगणातल्या ज्या बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालतात त्याच्यावर, पांढरे प्लॅस्टिकचे पाइप बांधले. पाइपांना भोकं, भोकांत छोटे पेले, पेल्यात रोपं, आणि खालून सारखं वाहतं पाणी. माती नाही. त्या पाण्यात सगळी दुनिया दुकानातली पांढरी पावडर घालते. कल्पिता तीच विचारायला तलासरीच्या दुकानात गेली. काउंटरवर नविन होता. तिने तासभर भाव विचारले आणि काही न घेता परत आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली, पुन्हा काही घेतलं नाही. तिसऱ्यांदा नविनने स्वतःच सांगितलं, की तुझ्या घरी एवढी मासळी येते, तर मुंडकी-आतडी फेकतेस कशाला? दुकानातल्या माणसाने गिऱ्हाइकाला माल घेऊ नको म्हणून सांगितलं, तेव्हाच कल्पिता पाघळली. नविनची नोकरी पुढे टिकली, हे त्याचं नशीब.

तर मुंडकी आणि गूळ एका पिंपात घालून झाकून ठेवायचं. महिनाभराने जो काळा रस सुटतो तो गाळून दुसऱ्या पिंपातल्या पाण्यात रोज थोडा थोडा टाकायचा. त्या दुसऱ्या पिंपात मूठभर कुजलेलं शेणखत घालायचं आणि माशांच्या काचपेटीतलं बुडबुड्यांचं यंत्र सोडायचं. खतातले जंतू रस पचवतात आणि मग झाडाला तो पिता येतो. एकदम ओतला तर सगळं नासतं. पहिल्या वेळी कल्पिताने एकदम ओतला होता. तेव्हा जी दुर्गंधी सुटली तिच्यापुढे बोंबील सुकवणाऱ्या वस्तीनेही नाक दाबलं. आता मात्र पालक, माठ आणि भीमा ज्याला "कोबीचा नापास पोरगा" म्हणायचा ते लेट्यूस असं फोफावलं होतं, की बघणाऱ्याने बघत राहावं.

"आई!"

कल्पिताची किंकाळी आली तशी हंसा पिठाच्या हातांनीच अंगणात धावली. तिच्यामागे भीमा, जमना, आणि भिंतीला धरत धरत जिजाआते.

पालक झोपला होता. माठ मान टाकून पडला होता. काल ताठ उभी असलेली पानं पाइपांच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होती. कल्पिताने पिंपातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट! पाणी खारट झालंय!"

भीमाने बोट बुडवलं. जमनेने बुडवलं. जिजाआतेने ओंजळभर पिऊन बघितलं आणि म्हणाली, "आमटीला चालेल."

"विहीर!" भीमा गरजला. "विहिरीत खाडीचं पाणी शिरलं. मी गेल्या वर्षापासून सांगतोय, कोणी ऐकत नाय." त्याने गेल्या वर्षी असं काही सांगितलं नव्हतं. पण मोठ्या गळ्याने म्हटलेलं खरंच वाटतं.

"विहिरीचा हंडा मी आताच प्यायले," जमना म्हणाली. "गोड हाय."

"वरचं गोड असतं. मीठ खाली बसतं."

हंसाने कोपऱ्यातल्या मिठाच्या गोणीकडे बघितलं. कारण तिला आठवलं होतं.

मागल्या आठवड्यात एका दुपारी कल्पिता रोपं आणायला वाणगावला गेली होती. मुंडक्यांच्या पिंपाचं झाकण बाजूला पडलेलं, बाजूच्या टोपलीत ताज्या मुंडक्यांचा ढीग, आणि पिंपातून उग्र वास. हंसा तिथून चालली होती. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून तिला एकच शिकवण मिळाली होती, की मासळी उघडी दिसली की मीठ मार. विचार करायचा नाही. तिचा हात आपोआप कोपऱ्यातल्या मिठाच्या गोणीत गेला. तिने टोपलीत मूठभर, पिंपात दोन-चार मुठी खडेमीठ भिरकावलं, वर झाकण दाबून बसवलं, आणि पोरगी किती निष्काळजी म्हणून पुटपुटत ती घरात गेली. मासळी कुजवायची असते, नासू द्यायची असते, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या बापाने ऐकलं नव्हतं. कल्पिताने नंतर टोपलीही पिंपात रिकामी केली असणार, आणि त्याच पिंपातला रस आठवडाभर रोज पाण्यात जात होता.

सांगावं का? हंसाने तोंड उघडलं. तेवढ्यात भीमाने बोअरवेलवाल्याला फोन लावलासुद्धा, आणि कल्पिता रडत म्हणाली, "मी त्यांना सांगितलंय आई, की माझ्या हातची भाजी वाढीन. बाकी आपल्याकडे वाढायला काय आहे? बोंबील?"

हंसाने तोंड मिटलं. आधी दुपार निभावू दे, मग जन्मभर शिव्या खाईन, असं तिने ठरवलं.

"रडतेस काय," ती म्हणाली. "खुडून टाक सगळी. अवो, तुम्ही फोन ठेवा आणि बर्फ आणा."

"बर्फ? भाजीला?"

"मरगळलेला माल बर्फावर टाकला की उठतो. सरंगा उठतो तर पालक नाय उठणार?"

आता हे शास्त्राला धरून होतं की नाही, ते हंसाला ठाऊक नव्हतं. पण भीमा स्कूटर घेऊन सुटला आणि गोणभर फोडलेला बर्फ घेऊन आला. क्रेट धुतले, त्यात बर्फ आणि नळाचं गोड पाणी. कल्पिताने पाइपांतलं खारं पाणी सोडून दिलं. इकडे जमना पानं खुडत होती, हंसा ती बर्फावर मांडत होती. तासाभरात पालकाने खरोखरच मान वर काढली. जिजाआतेने आनंदाने टाळी वाजवली.

"जमनाबाय, तुम्हाला तर पालक चालत नव्हता ने?" भीमाने चिडवलं.

"मी पालकासाठी खुडत नाय, पोरीसाठी खुडते," जमना म्हणाली. हंसाने तिच्याकडे बघितलं, पण जमनेने मान वर केली नाही. दोघींच्यात वर्षानुवर्षं नळाच्या पाळीवरून धुसफूस होती. ती त्या बर्फात निवली, निदान तेवढ्या दिवसापुरती.

मग भीमाने सगळ्यांना बोलावून पढवलं. खताचं विचारलं तर काय सांगायचं? एकच शब्द. सेंद्रिय. जास्त नाही, कमी नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. जिजाआतेकडून त्याने तो शब्द घोकून घेतला. तिला तो काही केल्या जमेना. शेवटी तिने गप्प बसावं असं ठरलं, आणि त्यावर ती भयंकर रागावली.

पाहुणे जवळच्या मसोलीपर्यंत पोचल्याचा फोन आला, तेव्हा घरात अगरबत्तीचे दोन पुडे जळत होते. अंगणातले बोंबील काढून होडीत लपवले होते. पण वास असा जातो थोडाच? अगरबत्ती लावलेले बोंबील असावेत, असा एकंदर वास येत होता.

आणि इको गाडी ठरल्याहून लवकर दारात आली.

नविन उतरला, त्याचे वडील लहान्या उतरले. बारीक अंगाचे, गळ्यात तुळशीची माळ, हसरे डोळे. त्यांच्यामागे पुतळी, नविनची आई. तीही बारीकच, पण तिच्याकडे बघून भीमाने नकळत शर्टाची गुंडी लावली. तिने पाय धुतले, ओटीवर नजर फिरवली आणि बसायचं सोडून विचारलं, "भाजी कुठे हाय? ती बघायचीय आधी. पोरगा वर्षभर तेच सांगतोय."

हंसा तिला मागे घेऊन गेली. नाइलाज होता. तिथे दोन क्रेटांत बर्फ पसरलेला, आणि बर्फावर पालकाच्या जुड्या दोन-दोनच्या जोडीने, डोकं एका बाजूला आणि शेपूट एका बाजूला करून मांडलेल्या. हंसाच्या हातांना मांडायची दुसरी रीत येत नव्हती. वर ओला फडका.

पुतळी बघतच राहिली. हंसा घाबरली, आणि घाबरल्यावर तिच्या तोंडाचा ताबा मासळीबाजाराने घेतला.

"घ्या बघा बाय, एकदम ताजा! आजचा माल, कालचा नाय!" तिने एक जुडी उचलली, मुळाकडचा गुलाबी भाग अंगठ्याने फाकवला आणि पुतळीच्या नाकासमोर धरला. "कल्ले बघा! लालबुंद! दाबून बघा, बोट उमटलं तर फुकट न्या!"

कल्पिताने डोळे मिटून घेतले.

पुतळीने गंभीरपणे जुडी दाबून बघितली. "ताजी हाय," ती म्हणाली. "आमच्या तलासरीच्या बाजारात भाजीवाली कधी इतकं बोलत नाय."

जेवणं बसली. तांदळाच्या भाकऱ्या, शेंगदाणे घालून पालकाची पातळ भाजी, लाल माठाची सुकी भाजी, लेट्यूसची कोशिंबीर. भांडी कोरी, कालच आणलेली. भाजीत हंसाने मीठ अजिबात टाकलं नव्हतं, कारण पानं चावून बघितल्यावर ती आधीच चवीला लागली होती. पालक मिठाला बुजत नाही, मिळेल तेवढं पिऊन बसतो, असं कल्पिता पुढे कधीतरी सांगणार होती.

वाढताना हंसाचं लक्ष फक्त घासांकडे होतं. नविन जेवत होता. पुतळी सावकाश जेवत होती. आणि लहान्या? लहान्या जेवत नव्हते, तुटून पडले होते. एकदा पालक घेतला. दुसऱ्यांदा घेतला. तिसऱ्यांदा वाटी स्वतःच पुढे केली. चौथ्यांदा घेतल्यावर त्यांनी घास तोंडात ठेवला आणि डोळे मिटून हळूहळू चावला. भीमाला धन्य झाल्यासारखं वाटलं.

"मीठ बरोबर लागलंय," पुतळी म्हणाली. "आणि चव वेगळीच हाय. खत कसलं घालते गो पोरी?"

"सेंद्रिय!" भीमा, जमना, कल्पिता आणि नविन एकदम म्हणाले. नविनला कुणी पढवलंही नव्हतं.

पुतळीने चौघांकडे आळीपाळीने बघितलं. "सेंद्रिय म्हंजे शेण?"

"शेणासारखंच," भीमा म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "म्हंजे शेणाच्या जातीतलंच. फक्त… पोहणारं."

जिजाआते विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत होती. मला बोलू दिलं असतं तर मी असं बोलले नसते, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

हंसाच्या हातात भाकरीची टोपली होती. तिला वाटलं, आता काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी. बाजारात तिने हजार वेळा नेली होती. पण बाजारातलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाटीवर जाऊ शकतं. इथे तिची पोर त्या घरात जाणार होती. आज लपवलं आणि उद्या तिकडे कुणीतरी सांगितलं, तर ऐकून घ्यायला हंसा नसणार, कल्पिता असणार. आणि मग कसलं माहेर अन् कसलं काय.

"मासळीचं खत हाय," हंसा म्हणाली. "बोंबलाची मुंडकी आणि गूळ. कुजवून, गाळून, पाण्यातून देतो. पानात मासा नाय, पण पाण्यात होता. पोरीने लपवलं नाय, आम्ही मोठ्यांनी लपवलं."

भीमाने कपाळावर हात मारला. हंसा मात्र आता थांबायला तयार नव्हती. बांध एकदा फुटला की पाणी विचारून वाहत नाही.

"आणि मीठ मी भाजीत घातलंच नाय. मीठ मी आठवड्यापूर्वी पिंपात घातलं. मासळी उघडी दिसली, हात गेला. सकाळी सगळी भाजी मरगळली ती माझ्यामुळे. विहीर गोड हाय."

"आई!" कल्पिता ओरडली. "मीठ तू घातलंस? कुजायच्या पिंपात?"

"मी बोअरवेलवाल्याला पैसे पाठवले!" भीमा ओरडला.

"मी म्हटलं होतं, हंडा गोड हाय," जमना म्हणाली.

पुतळीच्या ताटात अर्धी भाकरी आणि थोडी भाजी उरली होती. तिचा हात ताटावरून बाजूला झाला. हंसाने तो हात बघितला आणि तिला निलमची पाण्याची बाटली आठवली.

"बरं, ऐक माझं," लहान्या घाईघाईने म्हणाले. "यात काय पाप हाय? आपण भाताला शेण घालतो. शेण गाईचं. गाय काय काय खाते, तू बघितलंस? परवा तिने माझं धोतर खाल्लं. मग आपण भात खाल्ला म्हणजे धोतर खाल्लं काय? झाड मुळाने पितं, मूळ सगळं गाळून घेतं. पाला तो पाला. पाला शुद्ध शाकाहारी. ताई, जरा वाढा."

इतकं मुद्देसूद भाषण लहान्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. त्यामुळेच पुतळीला संशय आला.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. मग तिने बोटांवर हिशेब मांडला. "जे खाताना मला माहीत नव्हतं, त्याचं मला काय नाय. नविन, तुला माहीत होतं?"

"मीच तिला शिकवलं आई," नविन ताटात बघत म्हणाला.

"मग तुला एक निर्जळी एकादशी. पाण्याचा थेंब नाय. आणि तुम्हाला दोन."

"मला? मला कुठे माहीत होतं?"

"चौथ्यांदा वाढून घेतल्यावर तुम्ही डोळे मिटले. पालक खाताना कोण डोळे मिटतं? माळ घालायच्या आधी बोंबील खाताना मिटायचे, तसे मिटले."

लहान्यांनी मान खाली घातली. त्या पालकाला खरं तर मासळीची चव शेंगदाण्याएवढीही नव्हती, हे कल्पिताने शपथेवर सांगितलं असतं. पण ज्या माणसाने इतकी वर्षं मनातल्या मनात बोंबील परतले, त्याला चव कुठूनही येते.

"आणि तुमचं?" जिजाआतेने विचारलं. तिला गप्प राहायला सांगितलं होतं, पण आता कोण कुणाचं ऐकतंय! "तुमचं ताट अर्धं हाय. खाणार का उठणार?"

हा प्रश्न विचारायची छाती त्या घरात दुसऱ्या कुणाची नव्हती. जमनेने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

पुतळीने हंसाकडे बघितलं. पिठाचे हात, विस्कटलेला अंबाडा, रडवेला चेहरा. "तुम्ही खरंच मुंडक्यांना मीठ मारलं?" तिने विचारलं.

"मारलं ने. मासळी कुजवतात हे मला कुठे माहीत?"

आणि पुतळी हसली. आधी नुसते खांदे हलले, मग पदर तोंडावर गेला, मग डोळ्यांत पाणी. "कुजायला ठेवलं पोरीने, टिकायला मीठ मारलं आईने," ती म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली. तिचं बघून नविन हसला, कल्पिता रडता रडता हसली. भीमाला हसावं की बोअरवेलवाल्याला फोन करावा ते कळेना.

हसू ओसरल्यावर पुतळीने डोळे पुसले, हात पुन्हा ताटाकडे नेला, भाकरीचा तुकडा मोडला, पालकात बुडवला आणि सगळ्यांदेखत तोंडात घातला.

"आता माहीत असून खाल्लं," ती म्हणाली. "माझी पण एक एकादशी धरा. भाकरी वाढा ताई, अर्धीने काय होतंय?"

हंसाने भाकरी वाढली. घाईघाईत एकीऐवजी दोन पडल्या. पुतळीने दोन्ही खाल्ल्या.

सुपारी फुटली. भीमाने फोडली ती अशी जोरात, की निम्मी उडून पाइपात गेली. पुतळीने एक अट घातली, की लग्नानंतर मुलीने तिकडे पाइप लावावेत, खुशाल लावावेत, पण पिंप शेणाचं. गोठा घरचाच होता. शेण नीट गाळून, पचवून घ्यावं लागेल, पाइप तुंबतील, असं कल्पिता सांगू लागली. मग सासू-सून बाहेर क्रेटाशी उकिडव्या बसून त्यातच बुडून गेल्या. जमनेने निघताना पाहुणीच्या पिशवीत माठाच्या चार जुड्या कोंबल्या आणि कुणी बघायच्या आत डोळे टिपले.

सगळे गाडीशी गेले. लहान्या मात्र चप्पल सापडत नसल्याचं निमित्त करून ओटीवर रेंगाळले. चप्पल त्यांच्या पायातच होती. हंसा भांडी आवरत होती.

"विहीणबाय," ते हळूच म्हणाले. "पोरीच्या माहेरपणाची काळजी करू नका. मी स्वतः आणून सोडीन, स्वतः न्यायला येईन."

"सणासुदीला आणलीत तरी पुष्कळ झालं, व्याही," हंसा म्हणाली.

लहान्यांनी गाडीकडे नजर टाकली. पुतळी आत बसली होती, पाठमोरी.

"सणासुदीला कशाला?" ते आणखी हळू म्हणाले. "घरात भाजी तर दर शनिवारी लागतेच ने? आमच्या शेणावर वाढलेली ती आमच्याकडे असेलच. पण तुमच्या पाण्यावरची… पोरीला तिचीच सवय असणार. तिचं मन मोडायचं कसं?"

हंसाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

"शनिवारी या," ती म्हणाली. "जेवायलाच या."